हाँगकाँग-कँटन बहिष्कारांतील पत्रकें व उत्तरपत्रकें

(१)

इतिहासाच्या साधनांत सर्वांत उपेक्षित जात कोणती असेल तर ती एकपानी छापील पत्रकांची होय. सनदा, महजर, कैफियती, खासगी पत्रें हीं आपण रुमालांत बांधून जपतों. परंतु रस्त्यांत वाटलेलें किंवा भिंतीवर चिकटविलेलें पत्रक हातीं आलें तर त्याची पुडी होते. याचीं कारणें दोन सांगतात. एक, तें छापील असल्यामुळें दुर्मिळ नव्हे. दुसरें, तें पक्षपाती असल्यामुळें प्रमाण नव्हे. पहिलें कारण तर उघडच चुकीचें आहे. ज्या कागदाच्या हजारों प्रती निघाल्या व ज्यांतील एकही जपावी असें कोणास वाटलें नाहीं, तो कागद एकाच प्रतीच्या पोथीहूनही लवकर नाहींसा होतो. दुसऱ्या कारणाचा मात्र नीट विचार केला पाहिजे.

कै. राजवाडे यांनीं बखरींपेक्षां अस्सल पत्रांस अधिक मान दिला व तो विवेक आतां आपणां सर्वांच्या अंगीं मुरला आहे. परंतु अस्सल कागद नेहमीं सत्यच बोलतो असें त्यांत गृहीत धरलेलें नाहीं. ज्यांनीं मुद्राराक्षस वाचलें आहे त्यांस शकटदासाच्या हातचें पत्र आठवेल. अक्षर शकटदासाचें, मुद्रा राक्षसाची, दोन्ही अस्सल. मजकूर मात्र चाणक्याच्या कपटाचा. म्हणजे ‘कागद अस्सल आहे काय’ आणि ‘कागद खरा आहे काय’ हे दोन प्रश्न निराळे आहेत. राजकीय पत्रकाच्या बाबतींत पहिल्याचें उत्तर बहुधा होकारार्थी व दुसऱ्याचें बहुधा संशयित असतें. म्हणूनच अशा कागदांची चिकित्सा कशी करावी हें एका उदाहरणानें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरण चीन देशांतील, इ. स. १९२५ ते १९२७ या काळांतील घेतलें आहे. तें दूरचें वाटेल. परंतु त्या प्रकरणांत हिंदी शिपाई आहेत, एका पारशाचा पुत्र आहे, आणि संस्कृतांत पारितोषिक मिळविलेला एक गव्हर्नरही आहे. शिवाय दूरच्या प्रकरणांत आपला पक्ष नसल्यामुळें दृष्टि अधिक स्वच्छ राहते, हाही एक लाभ आहे.

(२)

प्रथम घडलेली हकीकत थोडक्यांत सांगतों. शांघाय शहराचा मोठा भाग त्या काळीं आंतरराष्ट्रीय वसाहत म्हणून परकीयांच्या नगरसभेच्या ताब्यांत होता. ता. १५ मे १९२५ रोजीं एका जपानी कापडगिरणींत कू चंग-हुंग नांवाचा मजूर गोळी लागून मारला गेला. त्याच्या निषेधार्थ ता. ३० मे रोजीं विद्यार्थ्यांनीं नानकिंग रस्त्यावर व्याख्यानें चालविलीं. पोलिसांनीं कांहींना पकडून चौकींत नेलें. चौकीपुढें जमाव वाढला. आणि एव्हरसन नामक इंग्रज अंमलदाराच्या हुकुमावरून चिनी व शीख शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या. मृतांचा आकडा निरनिराळ्या साधनांत निरनिराळा आहे. नवांहून कमी कोणी सांगत नाहीं. गोळी झाडणाऱ्यांत आपल्या देशाचे शिपाई होते ही गोष्ट चिनी लोक पुढें फार दिवस विसरले नाहींत, व आपणही विसरूं नये.

येथून कागदाची लढाई सुरू झाली. शांघायमधील जुनीं व मोठीं चिनी वृत्तपत्रें वसाहतीच्या भीतीनें दबकून लिहीत होतीं. तेव्हां जूनच्या ३ तारखेस चंग चेन-तो, ये शंग-ताओ प्रभृति लेखकांनीं ‘सार्वजनिक न्याय’ या अर्थाच्या नांवाचें दैनिक काढलें, आणि दुसऱ्याच दिवशीं साम्यवादी पक्षाचें ‘तप्त रक्त’ हें दैनिक च्यू च्यू-पाइ याच्या संपादकत्वाखालीं निघालें. दोन्ही त्याच महिन्यांत बंद पडलीं. आयुष्य तीन-साडेतीन आठवड्यांचें. पण त्या आठवड्यांत शहर काय वाचीत होतें हें कळण्यास त्यांवांचून गति नाहीं.

याला नगरसभेनें दिलेलें उत्तर संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. तिनें स्वतःच चिनी भाषेंत एक पत्र छापून वाटलें. त्याचें नांव ‘चंग-येन’ म्हणजे ‘प्रामाणिक वचन’. ता. ११ जुलै रोजीं शहरांतील दोन प्रमुख चिनी वृत्तपत्रांनीं तें जाहिरात म्हणून छापलें. विद्यार्थ्यांनीं व इतरांनीं गिल्ला केला तेव्हां त्याच पत्रांना क्षमा मागून ‘प्रामाणिक वचना’चें खंडन छापावें लागलें. म्हणजे एकाच वृत्तपत्राच्या एकाच महिन्याच्या अंकांत मंडन व खंडन दोन्ही आहेत. ज्या संग्राहकाजवळ यांतील एकच अंक असेल तो त्या वृत्तपत्राच्या मताविषयीं पूर्णपणें चुकीचा निष्कर्ष काढील. एका सुट्या अंकावरून वृत्तपत्राचा पक्ष ठरवूं नये, हा पहिला धडा.

(३)

शांघायची बातमी दक्षिणेस पोहोंचल्यावर ता. १९ जून रोजीं हाँगकाँगमध्यें संप सुरू झाला. चारच दिवसांनीं, म्हणजे ता. २३ जून रोजीं, कँटन शहरांत विद्यार्थी, मजूर व व्हांपोआ येथील लष्करी शाळेचे छात्र यांची मिरवणूक शाकी रस्त्यानें जात होती. ओढ्यापलीकडे शामीन हें इंग्रज-फ्रेंचांचें बेट. तेथून व येथून गोळीबार झाला. चिनी बाजूचीं ५२ माणसें मेलीं, शंभरांहून अधिक जखमी झालीं, व शामीनवर एक फ्रेंच मनुष्य मेला. पहिली गोळी कोणाची, या प्रश्नास त्या आठवड्यापासूनच दोन परस्परविरुद्ध उत्तरें छापलीं गेलीं. कँटनच्या चौकशी-मंडळानें तर आपला अहवाल इंग्रजींत पुस्तकरूपानें काढला. तो कोणासाठीं होता हें त्याची भाषाच सांगते. चिनी वाचकाला पटविण्यासाठीं इंग्रजींत लिहिण्याचें कारण नव्हतें; तो लंडन व न्यूयॉर्क येथील वाचकांसाठीं होता. पत्रकाची भाषा हा त्याच्या हेतूचा पुरावा असतो, हा दुसरा धडा.

शाकीनंतर संपाचें रूपांतर इंग्रजी मालावरील व हाँगकाँग बंदरावरील बहिष्कारांत झालें, व तो ता. १० ऑक्टोबर १९२६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सोळा महिने, चालला. सुमारें सव्वासात लाख वस्तीच्या त्या वसाहतींतून अदमासें अडीच लाख लोक घरें सोडून कँटनकडे निघून गेले. व्यापार इतका बसला कीं, लंडनच्या सरकारला तीस लाख पौंडांचें कर्ज देऊन वसाहत सांवरावी लागली. कँटनमध्यें संप-समितीनें आपलें दैनिक चालविलें. त्याचें नांव ‘कामगारांचा मार्ग’.

त्या वेळीं हाँगकाँगचा गव्हर्नर सर रेजिनल्ड स्टब्ज हा होता. त्याच्या हातीं एक तयार शस्त्र होतें. इ. स. १९२२ च्या खलाश्यांच्या संपांत, फेब्रुवारीच्या २८ तारखेस, एका दिवसांत संमत केलेला आणीबाणीचा कायदा. त्याच्या आधारें चिनी वृत्तपत्रांवर छपाईपूर्व तपासणी बसविण्यांत आली. हा कायदा इतका दीर्घायुषी ठरला कीं, इ. स. २०१९ मध्यें, इंग्रज जाऊन बावीस वर्षें झाल्यावर, तेथील शासनानें त्याचाच आधार घेऊन तोंडावर बुरखा घेण्यास बंदी केली. आपल्याकडे इ. स. १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांविषयींचा कायदा ज्यांस ठाऊक आहे त्यांस येथील भेदही परिचित वाटेल. तपासणी ‘चिनी’ पत्रांची. इंग्रजी पत्रांस ती जाचत नव्हती. राज्यकर्त्यास भीति वाटते ती प्रजेच्या भाषेची.

परंतु नुसत्या बंदीनें भागत नाहीं. बातमी बंद केली कीं अफवा सुरू होते. हाँगकाँगमध्यें अशी आवई उठली कीं, सरकार पिण्याच्या पाण्यांत विष घालणार आहे. असल्या अफवेला सरकारी जाहीरनामा पुरा पडत नाहीं. कारण जाहीरनाम्यावर जो विश्वास ठेवील त्याचा अफवेवर मुळांतच विश्वास बसणार नाहीं. म्हणून प्रतिप्रचाराचें काम दोन प्रतिष्ठित चिनी पुढाऱ्यांच्या साहाय्यानें चालविण्यांत आलें. एक चौ शौ-सन. हा लहानपणीं चिनी बादशाही सरकारतर्फें अमेरिकेंत शिकण्यास गेलेला. दुसरा रॉबर्ट हॉर्मस कोटेवाल. आडनांवावरून वाचकांनीं ओळखलेंच असेल; पिता पारशी, माता चिनी, व स्वतः जुन्या चिनी वाङ्मयांत मुरलेला. मुंबईच्या रस्त्यांत ‘कोतवाल’ म्हणून ज्यास हांक मारली गेली असती तो तेथें ‘लो कुक-वो’ या नांवानें चिनी विद्वानांत वावरत होता. याच मंडळींच्या प्रयत्नानें व सरकारच्या पाठबळानें जुलै १९२५ मध्यें ‘कुंग शंग यात पो’, म्हणजे ‘उद्योग-व्यापार दैनिक’, निघालें. संपाच्या विरुद्ध जनमत तयार करावें हा त्याचा जन्महेतु. तें पत्र इ. स. १९८४ पर्यंत चाललें.

तेव्हां तुलना करावी. ‘तप्त रक्त’ जगलें जेमतेम साडेतीन आठवडे, आणि ‘उद्योग-व्यापार दैनिक’ एकोणसाठ वर्षें. ग्रंथालयांत बसणाऱ्या संशोधकापुढें दुसऱ्याच्या जाड फायली येतील व पहिल्याचीं थोडीं पिवळीं पानें येतील. दप्तराची जाडी ही लोकमताचें माप नव्हे. ती बहुधा पैशाचें व संरक्षणाचें माप असते. हा तिसरा धडा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा.

(४)

ऑक्टोबर १९२५ मध्यें कोटेवाल यानें संपाविषयीं एक दीर्घ अहवाल सरकारास सादर केला. तो लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत वसाहत-खात्याच्या कागदांत सुरक्षित आहे. त्यांत एक सूचना अशी आहे कीं, चिनी शाळांतून कन्फ्यूशियसच्या नीतिशास्त्राच्या शिक्षणावर भर द्यावा. कारण नव्या क्रांतिकारक मतांवर तोच उतारा आहे. येथें पत्रकांची लढाई संपून पोथ्यांची सुरू होते, आणि येथेंच आम्हांस हें प्रकरण दूरचें वाटेनासें झालें.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत स्टब्ज जाऊन सर सेसिल क्लेमेंटी गव्हर्नर झाला. याचा जन्म इ. स. १८७५ मध्यें कानपूरचा. ऑक्सफर्ड येथें शिकत असतां इ. स. १८९७ मध्यें यानें बोडेन संस्कृत शिष्यवृत्ति मिळविली. हाँगकाँगच्या नोकरींत शिरल्यावर कँटनी बोली आत्मसात करून त्या बोलींतील प्रेमगीतांचें इंग्रजी भाषांतर इ. स. १९०४ मध्यें प्रसिद्ध केलें. असा मनुष्य स्टब्जप्रमाणें केवळ दरडावण्यावर विसंबणार नव्हता. इ. स. १९२६ मध्यें त्यानें चौ शौ-सन यास कार्यकारी मंडळांत घेतलें. तेथवर पोहोंचलेला तो पहिला चिनी गृहस्थ. त्याच वर्षीं सरकारी चिनी माध्यमिक शाळा निघाली, व इ. स. १९२७ मध्यें हाँगकाँग विद्यापीठांत चिनी विद्येचा विभाग स्थापन झाला. त्यावर नेमलेले लाय जी-शी वगैरे अध्यापक जुन्या बादशाही परीक्षांत उत्तीर्ण झालेले पंडित होते. लाय यांनीं इ. स. १९२३ मध्येंच जुन्या ग्रंथांच्या संग्रहासाठीं एक ग्रंथालय स्थापिलें होतें. म्हणजे ते आपल्याच पंथाचे गृहस्थ होत.

जून १९२७ मध्यें क्लेमेंटी यानें या विभागाच्या साहाय्यार्थ चिनी पुढाऱ्यांपुढें कँटनी भाषेंत भाषण केलें. त्यांत त्यानें प्राचीन वाङ्मयांतील चार ओळी म्हटल्या. जुन्याची आठवण जागवावी, पूर्वजांचें तेज उजळावें व महान् हान लोकांचा घोष पुन्हां उठवावा, असा त्यांचा भाव. त्या ओळी मूळ पान कू (इ. स. ३२–९२) या इतिहासकाराच्या, दोन त्याच्या राजधानीवरील काव्यांतल्या, व दोन हूणसदृश शियुंग-नू लोकांवरील विजयानंतर इ. स. ८९ मध्यें डोंगरावर कोरलेल्या लेखांतल्या. हा शिलालेख मंगोलिया देशांत इ. स. २०१७ मध्यें प्रत्यक्ष ओळखला गेला, हें पुराणवस्तुप्रेमी वाचकांस सांगण्यास आनंद वाटतो.

परंतु लू शुन या विख्यात लेखकानें या ओळींचा दुसराच इतिहास सांगितला. तो फेब्रुवारी १९२७ मध्यें हाँगकाँगला येऊन दोन व्याख्यानें देऊन गेला होता; दुसऱ्याचा विषय जुने सूर गाऊन संपल्याचा. त्यांत त्याचें म्हणणें असें कीं, परके आमच्या जुन्या संस्कृतीची स्तुति करतात ती आम्हांस वश ठेवण्यास ती सोयीची म्हणून. तीं व्याख्यानें छापण्यास अडथळे आले व काटछाट सोसावी लागली. गव्हर्नराचें भाषण वृत्तपत्रांत वाचून त्यानें लिहिलें कीं, याच चार ओळी पूर्वीं जपानांतील चिनी विद्यार्थ्यांनीं आपल्या मांचू-विरोधी क्रांतिकारक मासिकावर घातल्या होत्या. म्हणजे एकाच प्राचीन वचनाचा एकदां परकी राजवट उलथण्यासाठीं व एकदां परकी राजवट टिकविण्यासाठीं उपयोग झाला! वचन तेंच, अक्षर तेंच. वक्ता बदलला व अर्थ उलटला. शकटदासाचें पत्र तें हेंच.

आम्हीं आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकविलें, म्हणून हा भाग लिहितांना मन थोडें अस्वस्थ झालें हें लपवीत नाहीं. ‘जुनें वाङ्मय शिकवा म्हणजे तरुण नव्या चळवळींपासून दूर राहतील’ असें बोलणारे वडीलधारे आपल्याकडेही थोडे नव्हते, आणि वर्गांत आम्हींही कधीं तसें बोललों नसूं असें नाहीं. ज्या विद्येवर आपलें प्रेम आहे तिचा कोणी लगाम म्हणून उपयोग करीत असेल तर तें ओळखणें हें प्रेमाचेंच काम आहे.

पण म्हणून त्या विद्येचा त्याग करावा काय? येथें बोडेन या नांवाचा इतिहास उपयोगी पडतो. कर्नल जोसेफ बोडेन हा कंपनीच्या मुंबई पायदळांतील अंमलदार. त्यानें ऑक्सफर्डला संस्कृतासाठीं दिलेल्या देणगीचा उद्देश उघड शब्दांत धर्मांतरास साहाय्य करण्याचा होता. त्याच अध्यासनावर बसून मोनियर विल्यम्सनें तयार केलेला कोश आजही आपल्या मेजावर असतो व धर्मांतराची आठवणही कोणास होत नाहीं. हाँगकाँगलाही तसेंच झालें. इ. स. १९३५ मध्यें त्या चिनी विभागाची सूत्रें श्यू ती-शान (१८९३–१९४१) याच्याकडे आलीं. त्यानें ऑक्सफर्डला संस्कृताचा अभ्यास केला होता व काशीसही राहून गेला होता. त्यानें जुन्या पाठक्रमांत वाङ्मय, इतिहास व तत्त्वज्ञान यांची आधुनिक पद्धतीनें मांडणी केली. एका संस्कृतज्ञानें ज्या हेतूनें दार बसविलें तें दुसऱ्या संस्कृतज्ञानें निराळ्याच दिशेस उघडलें. देणाऱ्याचा हेतु व दानाचें फळ हीं दोन निरनिराळीं नोंदविलीं पाहिजेत.

(५)

या सर्व प्रतिप्रचाराचा परिणाम काय झाला? बहिष्कार मिटला तो उत्तरपत्रकांनीं मिटला असें घटनाक्रमावरून दिसत नाहीं. मार्च १९२६ मध्यें कँटनमध्यें चँग कै-शेकनें डाव्या पक्षाचा जोर मोडला. जुलैमध्यें उत्तरेवरील स्वारी सुरू झाली. मागें संपाचें ओझें नको झालें. म्हणून कँटन सरकारनेंच, आयातीवर अडीच टक्के व चैनीच्या मालावर पांच टक्के जादा कर बसवून, ऑक्टोबरांत बहिष्कार उठविला. प्रतिप्रचारानें झालें तें एवढेंच कीं, मधल्या काळांत सरकारच्या बाजूच्या लोकांना आपण एकटे नाहीं असें वाटत राहिलें. अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणाच्या आरंभीं कौटिल्यानें स्वजनांस हर्ष व शत्रुजनांस उद्वेग असें दुहेरी फळ सांगितलें आहे. येथें पहिलें साधलें, दुसरें साधलें नाहीं.

आपल्या देशास मात्र या प्रकरणाची झळ लागली. इ. स. १९२७ च्या आरंभीं शांघायच्या रक्षणार्थ जी फौज गेली तींत हिंदी पलटणी होत्या. मध्यवर्ति कायदेमंडळांत त्याविषयीं तहकुबीची सूचना आली ती व्हाइसरॉयनें नामंजूर केली. तिकडे हँकौ येथून गदर पक्षाच्या लोकांनीं हिंदी शिपायांस उद्देशून पत्रकें काढलीं. असा एखादा कागद एखाद्या निवृत्त शिपायाच्या पेटींत तळाशीं अद्यापि पडला असेल तर नवल नाहीं.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति अशी. पत्रक मिळतांच त्याच्या पाठीवर नव्हे, तर निराळ्या चिठीवर पुढील गोष्टी टिपाव्या: कोठें मिळालें, कोणाच्या संग्रहांत होतें, छापखाना व तारीख आहे काय, भाषा कोणाची, खर्च कोणी केला असावा, आणि त्याला उत्तर निघालें होतें काय. उत्तर मिळाल्यास दोन्ही एकाच रुमालांत ठेवावीं. आपल्या पक्षाचें म्हणून एक जपावें व परपक्षाचें म्हणून दुसरें टाकावें, असें कोणी करूं नये. कारण एक फाडलें कीं दुसऱ्याचाही अर्थ नाहींसा होतो. ‘सार्वजनिक न्याय’ व ‘प्रामाणिक वचन’ हीं दोन नांवें शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजेच कळतें कीं, त्या उन्हाळ्यांत शांघायमध्यें न्याय व प्रामाणिकपणा या दोन शब्दांसाठींही भांडण चाललें होतें.